शेवटच्या ओळीतलं नॉट

९ जानेवारी

शून्य. लगबग हे शून्य घेऊन जिना उतरून माझ्या तळघरातल्या ग्रंथालयात आली, तोंडभर हसत. मॅडम, जगात कुणीच काम केलेलं नाही यावर! आपलंच पहिलं!

लगबग (नाव मी ठेवलेलं) ही मेडिसिन विभागातली शिकाऊ डॉक्टर. एका हातात डबा, दुसऱ्यात फोन, लक्ष तिसरीकडे. पदवीसाठी तिला सिस्टेमॅटिक रिव्ह्यू करायचा आहे. म्हणजे एका प्रश्नावर जगात जे जे छापलं गेलं ते सगळं शोधायचं, आणि मगच तोंड उघडायचं. 'सगळं' हा शब्द डॉक्टरांना ऐकू येत नाही. प्रश्न तिच्या विभागप्रमुख सरांनी दिला आहे: चक्कर थांबवणारी जी गोळी म्हाताऱ्या माणसांना वर्षानुवर्षं देतात, तिने काही अपाय होतो का?

पेपर शोधायला तिने डेटाबेसमध्ये घातलेलं सर्च पाहिलं. वृद्ध अँड म्हातारे अँड ज्येष्ठ अँड वयस्कर. अँड घातलं की सगळे शब्द एकाच पेपरात असावे लागतात. एका पानात माणसाला चार तऱ्हांनी म्हातारं म्हणणारा लेखक अजून जन्मला नाही. एवढं निर्दय कुणी नसतं.

म्हटलं, इथे ऑर घाल, यांतला कुठलाही चालेल. तर म्हणते, एवढंच होय? उगाच घाबरले मी.

घाबरली कुठे होती? पेढे वाटायच्या तयारीत होती.

१० जानेवारी

आता सगळीकडे ऑर. गोळी ऑर चक्कर ऑर म्हातारे. पृथ्वीवरचे यच्चयावत म्हातारे स्क्रीनवर हजर. लगबग रडायच्या बेतात.

१२ जानेवारी

तिने स्वतःच डोकं चालवून आकडा खाली आणला. कसा, ते विचारायला नको होतं. गेल्या पाच वर्षांतलेच पेपर (त्याआधी माणसांना चक्कर येत नसे). इंग्रजीतलेच (बाकीचे लोक आपापल्या भाषेत चक्कर येऊन पडतात, ते मोजायचे नाहीत). आणि पूर्ण मजकूर फुकट मिळतो तेवढेच. ज्ञान म्हणजे रद्दी, उचलून नेऊ देतात तेवढी आपली.

शिवाय सर्चच्या क्रमांक घातलेल्या ओळींत वर मध्येच एक नवी घुसवली, खालचे क्रमांक तसेच ठेवले. त्यामुळे शेवटी 'ओळ चार अँड ओळ सात' म्हणजे म्हातारे अँड म्हातारे. गोळी गायब. आणि हे सरांना पाठवून मोकळी! सरांनी 'छान' म्हणून कळवलं. वाचलं असतं तर दुसरं काही म्हणाले असते, अशी माझी समजूत आहे. ती मी जपते.

साहित्यात एम.ए. केलं तेव्हा वाटलं होतं, आयुष्यभर चांगली वाक्यं वाचू. आता तळघरात बसून डॉक्टरांची वाईट वाक्यं दुरुस्त करते. त्यांना क्रियापदही नसतं.

१४ जानेवारी, रविवार

आई कप दोन्ही हातांनी धरते. मी अर्धाच भरते. तरी चहा बशीत सांडतो.

हे गेल्या वर्षापासून. आधी उजवा हात, मग दोन्ही. मग पावलं आखूड झाली. चेहरा इस्त्री फिरवल्यासारखा – हसली तरी मला सांगावं लागतं, हसलीस. आमच्या गल्लीतल्या दोन पिढ्यांचे शाळेचे गणवेश या बाईने शिवले. आता मशीनसमोर बसते, आणि मशीनवर हात ठेवून खिडकीबाहेर बघते. सुई ओवायला मला हाक मारत नाही. मी आपणहून गेले तर म्हणते, राहू दे, आज मूड नाही.

मूड! हा शब्द ती कुठून शिकली कोण जाणे.

ताईचा रविवारचा फोन. थोरली बहीण दुसऱ्या शहरातून फोनवरच मोठी असते. आईला नीट दाखव, तू हॉस्पिटलातच तर आहेस. म्हटलं, तळघरात आहे. तर म्हणे, जिना आहे ना?

१९ जानेवारी

सर्च मीच पहिल्यापासून बांधलं. गोळीची सगळी नावं, चक्करीचे सगळे शब्द, डेटाबेसचे स्वतःचे ठरलेले विषय-शब्द, सगळ्या भाषा, सगळी वर्षं. एक नव्हे, पाच डेटाबेस. हाताखालून गेलं की कळतं, घट्ट बसलंय.

पण पेपर हजारांनी. लगबगने आकडा पाहिला आणि खुर्चीत बसली. वर तिची ड्यूटी चालू होती, तरी बसली.

सरांच्या प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे रिव्ह्यूआधी लिहून दिलेल्या आराखड्यात, एक अट होती: कंपवाताचे रुग्ण नकोत. त्यांना त्या आजारानेच चक्कर येते, भेसळ होईल. वाजवी आहे. मी शेवटी एक ओळ घातली: नॉट कंपवात. ज्या पेपरात हा शब्द असेल तो बाहेर. आकडा झरझर उतरला. लगबगने माझा हात हातात घेतला, मॅडम तुम्ही देव आहात म्हणाली.

नाही म्हटलं नाही.

२२ जानेवारी

शिकाऊ डॉक्टरांचा वर्ग घेतला. नॉट म्हणजे कात्री, कापायच्या आधी कापड बघा, हे दरवर्षीचं वाक्य. आईचं म्हणणंही सांगितलं: शिवण उसवता येते, कापलेलं जोडता येत नाही. हसले. एकाने लिहूनही घेतलं. त्याला बहुतेक वाटलं परीक्षेला येईल.

८ फेब्रुवारी

लगबगने शीर्षकं चाळून संपवली. अपायाबद्दल दखल घेण्याजोगं काही नाही. तोंडाला कोरड, झोप. सर खूश. गोळी निर्दोष.

ही गोळी आईही घेते. पाच-सहा वर्षं झाली, चक्कर येऊन मोरीत पडली होती तेव्हापासून. आमच्या घरात ती औषधात मोजली जात नाही, चष्म्यात मोजली जाते. बरं वाटलं मला. निदान एका गोष्टीची काळजी मिटली.

१३ फेब्रुवारी

सरांना आई दाखवली. सर हळू बोलतात, म्हणून सगळे पुढे वाकतात, आणि मग सगळेच नम्र दिसतात. आईला चालायला लावलं. बोटं उघडझाप करायला लावली. मनगट धरून हात वाकवला, उलगडला. आई म्हणाली, “डॉक्टर, माप घेताय का?” सर हसले.

कंपवात, म्हणाले. या वयात होतो. बरा होत नाही, धरून ठेवता येतो. एक गोळी सुरू करू.

आणखी काय चालू आहे विचारलं. मी बीपीची सांगितली, चक्करीचीही सांगितली. सर माझ्याकडे बघून म्हणाले, “ती तर आपलीच. तुमच्या सर्चमध्ये काही आलं का?”

“नाही सर. सगळं बघून झालंय.”

“मग राहू दे. बंद केली आणि पडल्या, तर खुबा जाईल.”

लिफ्टमध्ये आई म्हणाली, भला माणूस आहे. मी म्हटलं, हो. 'सगळं' हा शब्द मी किती सहज वापरला, ते आत्ता लिहिताना दिसतंय. पण खरंच सगळं बघून झालंय.

१८ फेब्रुवारी, रविवार

ताई म्हणते, ती चक्करीची गोळी बंद कर. तिने हात थरथरतात. “मी फोनवर वाचलं.”

फोनवर वाचलं! मी विचारलं, कुठे? तर म्हणे, अगं टाकलं गोळीचं नाव आणि हात थरथरणं, आलं समोर. कुणी लिहिलंय? ते नाही बघितलं. कधीचं? तेही नाही. पेपर होता की कुणाची मामी? बहुतेक मामीच, म्हणाली, पण मामीचेही हात थरथरत होते.

मी तिला शांतपणे समजावलं. (माझा शांतपणा तिला आवडत नाही, हे मला माहीत आहे.) पाच डेटाबेस. सगळ्या भाषा. सरांनी स्वतः सांगितलं. ती म्हणाली, “तुला शाळेपासून हेच. पुस्तकात असलं तरच भूक लागते.”

फोन ठेवला. तिनेच ठेवला.

२५ फेब्रुवारी, रविवार

आईला नव्या गोळीने उलट्या. हात तसेच. फोन आला नाही.

१० मार्च, रविवार

मशीन गेलं.

आईनेच ठरवलं. ताईची मुलगी शिवण शिकतेय, तिला देऊन टाक, इथे धूळ खातंय. ताई गाडी घेऊन आली. माझ्याशी बोलली ती फक्त 'ती बाजू धर' आणि 'दाराला लागेल'. आईने पायडलला हात लावून बघितला, म्हणाली, तेल घालत जा म्हणावं पोरीला, नाहीतर खडखडतं. मग आत जाऊन पडली.

खिडकीशी फरशीवर चार ठसे राहिले आहेत. पुसले. जात नाहीत.

२१ मार्च

सरांनी बोलावलं. जर्नलला दुसऱ्या ग्रंथपालाकडून सर्च तपासून हवं आहे. हा नियम चांगलाच आहे. मी वर्गात तो सांगते. स्वतःला लावून घ्यायची वेळ कधी आली नव्हती, म्हणजे मी ती येऊ दिली नव्हती.

कुणाकडे पाठवायचं? पुढच्या बाकाकडे पाठवलं. ग्रंथालयाच्या कोर्सला ही माझ्या पुढच्या बाकावर बसायची, वही हाताने झाकून. जणू आम्हाला तिच्यातून उतरवायचं होतं! (होतं.) आता दुसऱ्या कॉलेजात हेच काम करते. म्हटलं, हिला काही सापडायचं नाही, स्वल्पविराम दाखवेल आणि धन्य होईल.

२ एप्रिल

पुढच्या बाकाचं उत्तर. आधी आईची चौकशी. मग सर्चची स्तुती, इतकी की मी सावध झाले. मग स्वल्पविराम – दाखवलाच! आणि खाली एक ओळ: शेवटच्या ओळीतल्या नॉटने जे गळतं, ते एकदा वाचून पाहिलंस ना?

पाहिलंस ना म्हणे. सुईचं टोक आणि वर मऊ कापड. शाळकरी सवयी जात नाहीत.

नाही पाहिलं. प्रोटोकॉलमध्ये होतं.

३ एप्रिल

गळालेले पेपर उघडले, तिला उत्तर लिहायचं म्हणून. दहा-वीस बघून 'वाचले' असं कळवणार होते.

पहिलाच पेपर. म्हाताऱ्या बाया, चक्करीची गोळी कित्येक वर्षं, हात थरथरतात, पावलं आखूड, चेहरा थिजलेला. निदान कंपवात असं झालेलं. गोळी बंद केली. बहुतेकींचे हात काही महिन्यांत थांबले.

दुसरा तसाच. तिसरा परक्या भाषेतला, सारांश इंग्रजीत, तसाच. कितीतरी जुने – मी कॉलेजात कविता पाठ करत होते तेव्हाचे. प्रत्येकाच्या शीर्षकात तो शब्द आहे. असणारच. 'हा कंपवात नव्हे, गोळीचा परिणाम आहे' हे सांगायला कंपवात हा शब्द लिहावाच लागतो. मी सांगितलं होतं, हा शब्द लिहील त्याला बाहेर काढा.

सरांना रुग्ण गाळायचे होते. मी उत्तर गाळलं. आणि मग त्या रिकाम्या चाळणीकडे बघून सरांनी आईची गोळी चालू ठेवली.

मामीला सापडलं होतं.

४ एप्रिल

वर गेले. पेपर छापून नेले, पाठांतर करून नेलं, सरांसमोर पहिलंच वाक्य चुकलं. सरांनी मला बसवलं आणि वाचत राहिले. पानं उलटताना तोंडावर काही नाही. लगबग दाराशी उभी होती, तिला आत बोलावलं.

मला वाटलं होतं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं, मला उलट बोलता आलं असतं. सर म्हणाले, ही अट मी घातली. मी म्हटलं, ओळ मी घातली. थोडा वेळ आम्ही दोघं चूक एकमेकांकडून ओढून घेत बसलो, उडप्याच्या बिलासारखी. मग सर म्हणाले, एखाद-दुसरी केस असते हे मला ठाऊक होतं, एवढं असेल असं वाटलं नाही, तुमच्या सर्चमध्ये नव्हतं म्हणून विषय सोडला.

“आईंची चक्करीची गोळी आजपासून बंद. मी दिलेलीही बंद. बघू.”

“हात थांबतील?”

“थांबले तर गोळी होती. नाही थांबले तर आजार होता. आधी सांगता येत नाही.”

लगबगने विचारलं, सर, म्हणजे रिव्ह्यू परत? सर म्हणाले, परत. ती माझ्याकडे बघून हसली, रडण्याऐवजी. देव वगैरे काही म्हणाली नाही.

५ एप्रिल

आईला सांगितलं. सगळं, नॉटसकट. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, “म्हणजे कापड न बघता कापलंस.”

मग म्हणाली, चहा टाक.

पुढच्या बाकाला उत्तर पाठवलं: नव्हतं पाहिलं. आता पाहिलं. आभार.

७ एप्रिल, रविवार

ताईला फोन मी केला. मनात मोठं भाषण होतं. तिने मध्येच तोडलं, बंद केलीस ना? केली. मग झालं, म्हणाली, आणि मुलीने शिवलेल्या पिशवीबद्दल बोलत राहिली. पिशवी वाकडी झाली म्हणे.

तिने मला एकदा तरी 'बघ, मी म्हटलं नव्हतं?' असं म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. हे तिचं नेहमीचंच, ऐन वेळी मोठी होते.

१२ मे, रविवार

काही नाही. हात तसेच. चक्कर मात्र इमानदारीने परत आली आहे. आई भिंत धरून चालते. भिंतीवर तळव्यांचा पट्टा उमटला आहे.

२९ मे

लगबग गळालेले पेपर एकेक करून वाचते आहे. आता जिना चालत उतरते. आज म्हणाली, मॅडम, एका पेपरातली बाई शिंपीण आहे. मी म्हटलं, पुढे? सहा महिने लागले, म्हणाली. मग घाईने म्हणाली, सगळ्यांना नाही लागत तेवढे.

७ जुलै, रविवार

आई स्वयंपाकघराच्या दारावर आपटली. कपाळावर टेंगूळ. सरांना फोन केला, उलटी नाही ना, शुद्ध नीट आहे ना विचारलं, आणून दाखवा म्हणाले. दाखवलं. हाड शाबूत.

ताई रडली. म्हणाली, सुरू करून टाक ती गोळी, हात थरथरले तर थरथरू देत, खुबा मोडला तर आई अंथरुणातून उठायची नाही. आता तीच सुरू कर म्हणते. आणि मी तिला पेपर वाचून दाखवू शकत नाही, कारण पेपरातल्या बाया पडल्या की नाही ते कुणी लिहिलेलं नाही.

जुनं पाकीट कपाटात आहे. टाकलं नव्हतं मी. आईपुढे ठेवलं, तूच सांग म्हटलं.

“नको.”

का, विचारलं. पाकीट उशीखाली सरकवून झोपली, म्हणजे मला मिळू नये.

२१ जुलै, रविवार

सर म्हणाले, अजून थोडी वाट पाहू. काहींचं जात नाही. मग आजार आतच होता, गोळीने फक्त बाहेर काढला, असं समजायचं. हळू आवाजात म्हणाले. मी पुढे वाकले नाही, तरी ऐकू आलं.

ताईला सांगितलं. पहिल्यांदाच फोनवर आम्ही दोघी एका बाजूला होतो, आणि पलीकडे कुणी नव्हतं.

रोज बघणाऱ्याला फरक दिसत नाही म्हणतात. नसलेला फरक न दिसायला काय लागतं? आई आज कपभर चहा दे म्हणून हटून बसली. दिला नाही. सांडला असता, मग चेहरा पाडून बसली असती – पडलेला कळला असता की नाही देव जाणे.

२८ जुलै, रविवार

मी कपडे वाळत घालत होते. आत आईने स्वतः एकेक बटण न चुकता दाबून ताईला फोन लावला. मला आवाज तेवढा ऐकू आला.

“मशीन परत पाठव. आणि तेल घालून पाठव.”